आई पाणी का पीत नव्हती

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमच्या विक्रोळीत रात्री अकरालासुद्धा भिंती तापलेल्या, पंखा फुल, आणि आई दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत होती. मला वाटलं मलेरिया असेल, पावसाळा संपता संपता आमच्याकडे कोणी ना कोणी मलेरिया नाहीतर डेंग्यूने आडवं असतंच. पण ती सारखी उजव्या बाजूला, पाठीत बरगड्यांच्या खाली हात दाबून धरत होती आणि विचारलं की बोलायची, काही नाही गं, कंबर भरलीय. सकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलला नेली. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं होतं. पाच दिवस अ‍ॅडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि त्यातच रक्त तपासलं तर शुगरपण निघाली, एचबीए१सी ७.९. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, ६.५ च्या वर गेलं की डायबेटीस धरतात, म्हणजे हे काही परवा सुरू झालेलं नव्हतं.

राउंडला आलेल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, दिवसाला पाणी किती पिता?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच बोलली, "सकाळी चहा घेऊन निघते, मग घरी आल्यावर पिते." आणि मधे? "तिकडे नाही पीत. जायला जागा नाही ना."

तिकडे म्हणजे अंगणवाडीत. माझी आई २७ वर्षं अंगणवाडी सेविका आहे, मी स्वतः तिच्याच हाताखाली त्याच वस्तीत अ आ इ शिकले, आता घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपासून लोकांचं रक्त काढते, आणि आई दिवसातले सहा-सात तास घोटभर पाणी न पिता काढते हे मला त्या दिवशी, डॉक्टरांसमोर, कळलं.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका, वेळेवर जेवा, गुडघ्यांवर ताण देऊ नका. त्यातलं एकही चूक नाही. पण मी तो कागद घेऊन बेडच्या कडेला बसले होते आणि मला कळत होतं की ह्यातली एकही गोष्ट आईच्या हातात नाहीये. हेच सांगायला मी आज लिहायला बसलेय.

तिची अंगणवाडी डोंगराच्या चढावर आहे. भाड्याची खोली, दहा बाय दहाची असेल, वर पत्रा, एका भिंतीला आहाराचे डबे, दुसऱ्या भिंतीला वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, फळा, खेळण्यांची गोणी, आणि उरलेल्या जागेत पंचवीस-तीस मुलं. खोलीत नळ नाही. मदतनीस मावशी खालून कळशीने पाणी आणून ड्रम भरतात. संडास म्हणजे पायऱ्या उतरून खाली असलेलं सार्वजनिक शौचालय, तिथे सकाळी लाईन, बायकांच्या बाजूला दोन दरवाजांना कडी नाही, आणि मुलांना सोडून आईने जायचं कधी? मावशी मुलांना बोलवायला नाहीतर पाणी आणायला बाहेर असतात, तेव्हा खोलीत ती एकटी. तीन वर्षांचं पोर पायऱ्यांवरून घसरलं तर? म्हणून तिने सोपा उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. मावशींनीपण तोच काढलाय. बिटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांमधल्या, बाकीच्या बायकांना विचारलं तर त्यांनापण ह्यात काही विशेष वाटलं नाही, एक जण मला बोलली, अगं ते तर पहिल्या वर्षीच शिकतो आपण.

ह्यात शरीरात काय होतं ते मी लॅबवाली म्हणून सांगते. लघवी वारंवार झाली की आत शिरलेले जंतू धुऊन बाहेर पडतात. पाणी कमी, त्यात रोखून धरलेलं, की त्यांना वाढायला वेळ मिळतो. पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतात आणि इन्फेक्शन अजून सहज होतं, वर शुगर असेल तर झालंच. आई ५४ वर्षांची आहे, तिच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. मागच्या दोन-तीन वर्षांत तिला चार-पाच वेळा जळजळ झाली होती, प्रत्येक वेळी मेडिकलवाल्याला सांगून तीन दिवसांच्या गोळ्या आणायची, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या ठेवून द्यायची. ते अर्धवट कोर्स शेवटी किडनीवर निघाले.

कोणाला वाटेल की संडासवरून एवढं काय. पण अंगणवाडीची ही योजना आज आलेली नाहीये. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्या ३३ मध्ये आपली धारावी होती. म्हणजे मुंबईतल्या वस्त्यांना अंगणवाडी पहिल्यापासून माहीत आहे, पन्नास वर्षं झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवणं, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्व प्राथमिक, अशा सहा सेवा त्या खोलीतून द्यायच्या असं ठरलं. खोलीत कोण कोण येणार, त्यांना काय काय मिळणार, सगळं ठरलं. ती देणारी बाई सकाळी नऊ ते दुपारी दोनमध्ये लघवीला कुठे जाणार हे भाड्याच्या खोल्यांच्या बाबतीत अजून नशिबावरच आहे. ज्यांची अंगणवाडी शाळेत किंवा समाजमंदिरात आहे त्या सुटल्या.

आईला आहाराचे आकडे तोंडपाठ आहेत. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला किती कॅलरी आणि किती प्रोटीन, तीव्र कुपोषित असेल तर किती, गरोदर आणि स्तनदा मातांना किती, सगळं. दंडाची पट्टी लावली आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, साडेबाराच्या वर हिरवी, मधे पिवळी. लाल आलं की ती रात्री झोपत नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः त्या पोराच्या आईला घेऊन हॉस्पिटलच्या केस पेपरच्या लाईनीत उभी राहते, मी लहानपणापासून बघतेय. बचत गटाकडून आलेली खिचडी नाहीतर उसळ ती आधी चाखून बघते, मुलांना वाढते, आणि त्यातलं स्वतःच्या ताटात एक घास घेत नाही. मुलांचं आहे ते, असं बोलते. ह्याबद्दल मला तिचा अभिमान आहे आणि मी तो कधी कमी होऊ देणार नाही. पण मग ती स्वतः काय खाते? सकाळी चहा-खारी, अकराला कोणीतरी वस्तीतून प्रेमाने आणून दिलेला कटिंग, दुपारी अडीच-तीनला घरी येऊन गार भात.

तिचं हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईला बारा तरी पाहिजे. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे गरोदर बायकांना तीच सांगते, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५४.२ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. सेविका काय आणि मदतनीस काय, ह्याच बायकांमधून आलेल्या असतात, कामाला लागल्या म्हणून त्यांचं रक्त वाढत नाही. पन्नाशीच्या पुढे तर त्या सर्व्हेच्या वयातच बसत नाहीत.

आई घरी आल्यावर एका रविवारी तिच्या बिटमधल्या सहा जणी भेटायला आल्या. मी लॅबमधून बीपीचं मशीन आणलेलं होतं, सहज म्हणून प्रत्येकीचं घेतलं. एका काकूंचं १६८/१०० आलं. मशीन चुकलंय असं समजून पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, तेवढंच. काकू आरामात पोहे खात होत्या. विचारलं तर कळलं की त्यांना बीपीची गोळी दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, मधेच सोडली. का सोडली? गोळ्या सरकारी हॉस्पिटलला फुकट मिळतात, पण केस पेपर सकाळी, ओपीडी सकाळी, आणि अंगणवाडीपण सकाळी. दर महिन्याला गोळ्यांसाठी एक रजा, वर्षाला रजा वीस, त्यातच पोराचं अ‍ॅडमिशन, सासूचं आजारपण, गावचं काही. पहिल्यांदा बीपीची रजा कापली गेली. बाहेरच्या डॉक्टरकडे जायचं तर दोनशे फी आणि वर गोळ्या.

मला खूप दिवस वाटायचं की आपल्या बायका दुर्लक्ष करतात, अंगावर काढतात. काकूंच्या तोंडून ते ऐकल्यावर मी ते बोलणं बंद केलं. दुर्लक्ष वेगळं आणि दोन्ही दारं एकाच वेळेला उघडत असणं वेगळं. बरं, आता २०२२ पासून मुंबईत 'आपला दवाखाना' नावाचे पालिकेचे दवाखाने सुरू झालेत, ते संध्याकाळीपण उघडे असतात, बीपी-शुगर तिथे फुकट बघतात. काकूंना हे माहीतच नव्हतं, लाभार्थ्यांना माहिती देणाऱ्या बाईला स्वतःसाठी ती माहिती शोधायला वेळ झाला नव्हता. आता त्या तिथूनच गोळ्या घेतात आणि मला फोन करून आकडा सांगतात. परवा १३८/८६ होतं.

गुडघ्यांचं तर विचारूच नका. त्या सहा जणींमध्ये एक पण अशी नव्हती जी जमिनीवरून हात न टेकता उठली. दिवसभर खाली बसायचं कारण मुलं खाली बसतात, मूल उचलून काट्यावर ठेवायचं, उंच धरून उतरवायचं, वाकून पट्टी लावायची, मग दुपारी गृहभेटी, डोंगरावर गृहभेट म्हणजे पायऱ्या. पावसाळ्यात त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून आई दोनदा पडलीय. खोलीत एक साधी खुर्ची ठेवली तर चार मुलांची जागा जाते म्हणून तिने ती ठेवलेली नाही.

आणि मोबाईल. २०२१ ला राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, कारण फोन तापायचे, हँग व्हायचे, आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत. आईनेपण जाऊन परत केला होता, खूप घाबरत घाबरत. मग नवीन फोन आले, अ‍ॅपपण मराठीत आलं, ते चांगलं झालं. पण आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवावा लागतो. गरोदर बाई, स्तनदा माता, तीन वर्षांखालच्या मुलाची आई, तिचं आधार, फोटो जुळला पाहिजे, मग पाकीट. चोरी थांबावी, आहार खऱ्या माणसाला मिळावा, हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अंधाऱ्या गल्लीत चेहरा नीट दिसत नाही, नेटवर्क जातं, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा कामावर, मग ओटीपी कुठून आणणार. बाई बाळाला कडेवर घेऊन तासभर उभी, आणि शेवटी ओरडते कोणावर, तर आईवर. आमचा आहार तुम्हीच अडवलात. ज्या पोरींची बाळंतपणं आईने सांभाळून काढली त्या तिला असं बोलतात आणि ती रात्री जेवत नाही. मग साडेदहा-अकराला, नेटवर्क मोकळं असतं म्हणून, उरलेली माहिती भरत बसते. साडेपाचला पाण्याला उठायचं असतं. तिची साखर रिपोर्टमध्ये वर-खाली होते तेव्हा मी आधी विचारते की ह्या आठवड्यात झोप किती झाली, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आता पैशाचं. आईला मिळतं ते मानधन, पगार नाही. हा शब्द मी लहानपणी नीट ऐकलाच नव्हता, आता त्याचा अर्थ कळतो. पगार नाही म्हणजे कागदावर ती कामगार नाही, म्हणून ईएसआय नाही, म्हणजे साध्या फॅक्टरीतल्या हेल्परला जो दवाखाना आणि आजारपणाचा भत्ता मिळतो तो हिला नाही. २०१८ ला केंद्राने सेविकेचे ३,००० चे ४,५०० केले आणि मदतनीसचे १,५०० चे २,२५०, राज्य त्यात आपली भर घालतं. २०२३ ला महाराष्ट्रात सेविकेचं मानधन १०,००० आणि मदतनीसचं ५,५०० झालं. मुंबईत ५,५०० मध्ये महिना काढायचा होता तेव्हा. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून संप झाला, बावन्न दिवस चालला, आई आझाद मैदानाला जायची. तेव्हा मी डब्यात पोळी-भाजी दिली होती आणि पाण्याची मोठी बाटली, बाटली तशीच भरलेली परत यायची, मी समजायचे तिकडे कोणीतरी पाणी वाटत असेल. आता कळतं. हजारो बायका मैदानात, कुठे जाणार.

संपानंतर मानधन थोडं वाढलं. त्याआधी २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, त्या दिवशी आईने पेढे आणले होते. आणि १ फेब्रुवारी २०२४ च्या बजेटमध्ये सगळ्या आशा, सेविका, मदतनीसांना आयुष्मान भारतमध्ये घेतलं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हे मोठं आहे, उद्या कोणाचं ऑपरेशन निघालं तर घर विकायची वेळ येणार नाही. आईचं कार्ड तेव्हा निघालेलं नव्हतं, बिल आम्हीच भरलं, ते सोडा. पण ते कार्ड अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं. आईचा आजार काय आहे? रोजची शुगरची गोळी, तीन महिन्यांनी टेस्ट, लोहाची गोळी, गुडघ्याचा व्यायाम, लघवीची तपासणी. ह्यातल्या कशालाच माणूस अ‍ॅडमिट होत नाही, आणि हे सगळं नीट झालं तरच पुढे अ‍ॅडमिट व्हायची वेळ येत नाही. काकूंना पॅरालिसिसचा झटका आला असता तर कार्ड चाललं असतं, तो येऊ नये म्हणून लागणारी गोळी मात्र त्यांच्या रजेतून गेली.

मला खरंच वाटतं की हे करणं फार अवघड नाहीये. दर महिन्याला ह्या सगळ्या जणींची बीट मीटिंग होतेच, सगळ्या एका जागी जमतात. वर्षातून दोन मीटिंगना तिथेच बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, वजन घेतलं तर? तिशीच्या वरच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि बायकांचं स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग करायचं असा कार्यक्रम सरकारचाच आहे, आई वस्तीतल्या बायकांना त्यासाठी घेऊन जाते. तिचं स्वतःचं झालेलं नव्हतं, मागच्या महिन्यात मी करून घेतलं, नॉर्मल आलं, तो रिपोर्ट हातात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. आणि भाड्याची खोली घेताना आधी विचारा ना, संडास कुठे आहे. खोलीचं भाडं ठरवतानाच शेजारच्या घरातला संडास वापरायचं ठरवलं आणि त्याचे महिन्याला काही पैसे दिले तरी चालेल, आम्ही शेवटी तेच केलंय. खालच्या गल्लीत एक जण राहतात, त्यांच्या दोन्ही मुली आईकडेच शिकल्यात, त्यांनी त्यांच्या घराची एक किल्ली आईला देऊन ठेवलीय. आईला इतक्या वर्षांत त्यांच्याकडे मागायची लाज वाटली होती. मागितल्यावर ती बाई रडायलाच लागली, टीचर, मला आधी का नाही बोललात.

पण किल्ली फक्त आईची सोय झाली. वरच्या गल्लीतल्या अंगणवाडीला किल्ली नाही, आणि प्रत्येक सेविकेने आपापली किल्ली शोधायची असं तर होऊ शकत नाही ना.

सध्या आई लिटरची बाटली घेऊन जाते, मी त्यावर मार्करने रेघा मारून दिल्यात, दहापर्यंत इथे, बारापर्यंत इथे. मुलांनी ते लगेच ओळखलं, त्यांची उंची मोजायच्या पट्टीवर असतात तशा रेघा आहेत म्हणून, आणि एक चार वर्षांची चिमुरडी रोज विचारते, टीचर तुमची रेघ झाली का. एचबीए१सी ७.१ वर आलंय, हिमोग्लोबिन साडेदहा.

मदतनीस मावशींचं मात्र अजून काहीच तपासून झालेलं नाही. त्या आईपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, कळशी त्याच उचलतात, आणि मानधन त्यांचं कमी. पावलं सुजतात, दुपारी भिंतीला टेकून बसल्या की डोळा लागतो, आणि विचारलं की बोलतात मला कशाला गं, माझं काय आता. शेवटी मी त्यांना सांगितलं की आईसाठी या, आईला एकटीला सुईची भीती वाटते. खोटं आहे ते. येत्या शनिवारी सकाळी सातला लॅबमध्ये दोघींना घेऊन जायचं ठरलंय, उपाशीपोटी यायला सांगितलंय, पाणी चालेल पण चहासुद्धा नको, आणि चहाच्या बाबतीत मावशींनी अजून हो म्हटलेलं नाही.